दिवाळखोराची भांडी

पूर्वी म्हणे पेढीवाला बुडाला की भरदिवसा दुकानात दिवा लावून बसायचा. ‘दिवाळं’ हा शब्द त्यावरूनच आला, असं सांगतात. म्हणजे सगळं गेलं तरी तेलापुरते पैसे उरत असावेत! पण बुडालेल्यापाशी नक्की काय उरू द्यायचं, हा प्रश्न पुढे सरकारलाही पडला.

१८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली. ते लोण नगरकडेही पसरलं. साहेब हलला, चौकशी बसली आणि १८७९ च्या कायद्यानं पुणे, सातारा, सोलापूर, नगर इथल्या शेतकऱ्याला कर्जापायी तुरुंगात धाडणं बंद झालं. माणूस सुटला. राहिलं सामान.

त्याची यादी १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या साठाव्या कलमात आहे. मला वाटतं, ती साहेबाला कुणा पोक्त गृहिणीनंच सांगितली असावी. जरुरीचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं, पोटापुरती गुरं, बियाणं. आणि धर्माच्या रूढीनं बाईला उतरवता येत नाही असा दागिना. हे जप्त करायचं नाही. मंगळसूत्राला बेलिफानं हात लावायचा नाही. नवऱ्यानं लावला तर मात्र हे कलम आड येत नाही! शिवाय सूर्यास्तानंतर जप्तीसाठी घरात शिरायचं नाही. दिवेलागणीला असली पावलं नकोत, हे साहेबालाही कळत होतं.

मुंबई शहराची तऱ्हा निराळी. तिथल्या १९०९ च्या नादारीच्या कायद्यात हत्यारं, कपडे, गाद्या, भांडी, फर्निचर सगळं मिळून ३०० रुपयांपर्यंतच ठेवायची मुभा. मुंबईबाहेरच्यांसाठी १९२० चा कायदा. त्यात साठाव्या कलमातलं सगळं ठेवा, फक्त हिशेबाच्या वह्या द्या! म्हणजे पुण्याचा दिवाळखोर गादीवर लोळणार आणि मुंबईचा गादीची किंमत काढत बसणार. २०१६ च्या नव्या संहितेनं बोजा नसलेलं राहतं घरही, ठराविक किमतीपर्यंत, यादीत घातलं. पण डिसेंबर २०१९ मध्ये तो भाग लागू झाला तो कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरताच.

आता गोम अशी, की नादारी सिद्ध करायला वकील हवा आणि वकिलाला फी हवी. फी देता आली तर नादारी कसली? त्यावर उतारा म्हणून १९८७ चा विधी सेवा कायदा आहे. कमी उत्पन्नवाल्याला, आणि बाईला तर उत्पन्न न विचारता, फुकट वकील मिळतो. जिल्ह्याच्या कोर्टात चौकशी करायची, एवढंच.

पण आपल्याकडे कर्जापेक्षा लाज मोठी. बेलिफ यायच्या आत माणूस गुपचूप शिलाईचं यंत्र विकतो, बैल विकतो, बायकोचं मंगळसूत्र मोडतो. म्हणजे जे कायद्यानं कुणालाच नेता आलं नसतं, नेमकं तेच तो आधी आपल्या हातानं घालवतो. मग उद्या कमवायचं कशावर? साठावं कलम करणाऱ्याला एवढं कळलं होतं, की बुडालेला माणूस पुन्हा उभा राहायचा तर त्याच्या हातात रंधा हवा आणि चुलीवर पातेलं हवं. चारचौघांची लाज मात्र कुठल्याच यादीत नाही. ती खुशाल जप्त होऊ द्यावी.