लष्करी बोली

लष्करी बोली : सैनिकांच्या परस्परव्यवहारात रूढ झालेला, अधिकृत परिभाषेबाहेरचा शब्दसंग्रह. हुद्दे, हुकूम व शस्त्रास्त्रे यांची नावे वरिष्ठांकडून ठरविली जातात. बोली मात्र कंटाळा, भीती, घरची ओढ व परभाषकांचा सहवास यांतून छावणीत घडते. तेथून ती नागरी भाषेत उतरते आणि कालांतराने तिचे मूळ विस्मृतीत जाते.

मराठ्यांच्या फौजेतील आघाडीची तुकडी म्हणजे बिनी. ‘बिनीचा शिलेदार’ हा शब्दप्रयोग आता कोणत्याही क्षेत्रातील अग्रेसरास लावतात. फौजेबरोबरचे सामान व बिनलढाऊ माणसे यांस बुणगे म्हणत. पानिपतच्या मोहिमेत (१७६०–६१) हा भार फौजेला जाचक ठरला. ‘बाजारबुणगे’ या शब्दातील तुच्छता लढवय्यांची आहे. त्या जमावात यात्रेकरू व बायकामुलेही होती, याची दखल तो शब्द घेत नाही. ‘पलटण’ व ‘कंपू’ हे शब्द कवायती फौजांबरोबर आले. पैकी कंपूला पुढे स्वार्थी टोळक्याचा अर्थ चिकटला.

ब्रिटिश सैनिकांनीही येथील शब्द उचलले. विलायतीचे ‘ब्लायटी’ झाले व पहिल्या महायुद्धात ते मायदेशाचे लाडके नाव बनले. यूल व बर्नेल यांच्या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशाचे हॉब्सन-जॉब्सन (१८८६) हे शीर्षकसुद्धा, मोहरमातील ‘या हसन, या हुसेन’ या घोषाचा सोजिरांनी केलेला अपभ्रंश होय.

या दृष्टीने नासिकजवळील देवळालीचा इतिहास उद्‌बोधक आहे. मुदत संपलेले सैनिक मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत येथील छावणीत राहत. सैनिकवाहू जहाजे साधारणतः हिवाळी हंगामातच सुटत. शेवटचे जहाज गेल्यावर ज्याची मुदत संपे, त्यास उन्हाळा व पावसाळा तेथेच काढावा लागे. काम नाही, कवायत नाममात्र, मद्य व हिवताप मात्र भरपूर. अशा अवस्थेत वागणुकीत विक्षिप्तपणा आलेल्या सैनिकास ‘डूलॅली टॅप’ झाला असे सोबती म्हणत. डूलॅली म्हणजे देवळाली व टॅप म्हणजे ताप. फ्रँक रिचर्ड्‌स या माजी सैनिकाने ओल्ड सोल्जर साहिब (१९३६) या आठवणींच्या पुस्तकात या छावणीचे वर्णन केले आहे. इंग्रजीत ‘डूलॅली’ हा शब्द वेडसर या अर्थी आजही थट्टेने वापरतात. त्यामागील माणसांची दुर्दशा थट्टेत लोपली आहे.

कल्याणहून लोहमार्गाचा एक फाटा देवळालीकडे, तर दुसरा उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूरमार्गे पुण्याकडे जातो. या दुसऱ्या फाट्यावरील बदलापूर गावाचे नाव लष्करी घोडे बदलण्यावरून पडले असे स्थानिक लोक सांगतात. ती लोकव्युत्पत्ती म्हणूनच घ्यावी. उल्हासनगरचा पुरावा अधिक भक्कम आहे. दुसऱ्या महायुद्धात येथे कल्याणची लष्करी संक्रमण छावणी होती. फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधी निर्वासितांना आश्रय देण्यात आला व १९४९ मध्ये वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. सरकारी नाव बदलले, तरी रहिवाशांच्या तोंडी ‘कॅम्प’ हाच शब्द राहिला. घरदार सोडून आलेल्या कुटुंबांचा नवा पत्ता कॅम्पचा व बराकीचा क्रमांक हा झाला. बराकींच्या जागी इमारती उभ्या राहिल्यावरही ‘कॅम्प नंबर चार’ असेच सांगितले जाते.