सेनापतींच्या यादीतली बाई : छिन लियांगयू

इतिहासातल्या बायकांच्या आपल्या गप्पांत आज जायचंय लांब, चीन देशात. काळ साधारण चारशे वर्षांपूर्वीचा. तिथं मिंग घराण्याचं राज्य होतं.

सिचुआन भागात 1574 साली छिन लियांगयूचा जन्म झाला. वडिलांनी भावांबरोबर तिलाही घोडा, धनुष्य आणि भाला शिकवला, लिहायला-वाचायलाही शिकवलं. पुढं शिझू या डोंगरी मुलखाच्या सरदाराशी, मा छियानचेंगशी, तिचं लग्न झालं. दोघांनी मिळून फौज तयार केली. शिपायांचे भाले पांढऱ्या लाकडाच्या दांड्याचे, म्हणून त्या फौजेला 'पांढऱ्या दांड्यांची फौज' असंच नाव पडलं.

1599 साली बंड मोडायला नवरा तीन हजार माणसं घेऊन निघाला. लियांगयू वेगळे पाचशे शिपाई घेऊन निघाली, शिधाही स्वतःचाच बांधून. एका रात्री सरकारी सैन्य मेजवानीत दंग असताना बंडखोरांनी छापा घातला. या नवराबायकोनं तो परतवला, मागं जाऊन शत्रूच्या सात गढ्या घेतल्या. पण ही बाई आपली कामगिरी सांगायला कुणाकडे गेली नाही.

पुढं दरबारातल्या एका माणसाशी बिनसलं आणि तिचा नवरा कैदेत मेला. मुलगा लहान. तिथल्या चालीप्रमाणं सरदारकीचा कारभार तिच्या हातात आला. ज्या राज्याच्या तुरुंगात नवरा गेला, त्याच राज्यासाठी ती पुढं तीसेक वर्षं लढली. 1621 साली उत्तरेकडच्या मांचूंशी लढताना तिचा भाऊ पडला. त्याच वर्षी सिचुआनात बंड झालं. बंडखोरांनी तिला फितवायला सोनं-चांदी पाठवली. ती फितली नाही, उलट वेढ्यात अडकलेल्या चेंगदू शहराच्या मदतीला धावली. 1630 साली राजधानी संकटात आली, तेव्हा घरचा पैसा घालून तिनं फौजेचा खर्च चालवला. बादशहानं तिला भेटीला बोलावलं आणि तिच्यावर चार कविता लिहिल्या.

सत्तरीला आली तरी ती थकली नाही. सिचुआनवर मोठं संकट येतंय हे ओळखून तिनं नकाशा काढला आणि तेरा खिंडी राखायला जादा फौज मागितली. एका अधिकाऱ्यानं ऐकलं नाही. दुसऱ्यानं ऐकलं, पण त्याच्याकडे फौजच नव्हती. 1644 साली सिचुआन पडलं. तिचं शिझू मात्र शत्रूला घेता आलं नाही. 1648 साली ती वारली.

आता खरी गोष्ट ऐका. चीनमध्ये प्रत्येक घराण्याचा सरकारी इतिहास लिहीत. त्यात बायकांसाठी वेगळं प्रकरण असे, पतिव्रता आणि सद्गुणी बायकांचं. मिंगांच्या इतिहासात लियांगयूचं चरित्र त्या प्रकरणात नाही, ते सेनापतींच्या रांगेत आहे. असा मान मिळालेली ती एकटीच बाई. म्हणजे इतक्या शतकांत फक्त एक!

लढणाऱ्या, कारभार पाहणाऱ्या बायका काय एवढ्याच असतील? तिची स्वतःची सूनही लढाईत पडली. बायका काम करत होत्याच, फक्त ते योग्य पानावर लिहिलं जात नव्हतं. म्हणून मैत्रिणींनो, गटाचं इतिवृत्त लिहिताना 'अमक्याची बायको' लिहू नका. जिनं काम केलं तिचं नाव लिहा, आणि कामही लिहा.