शिडाच्या नौकेची अखेर

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगत आइल ऑफ वाइट नांवाचें बेट आहे. १९३६ सालच्या जुलै महिन्यांत एका रात्रीं या बेटाजवळच्या खोल समुद्रांत ब्रिटिश आरमाराच्या दोन विनाशिकांनीं एक जुनी नौका नेऊन बुडविली. तिच्यावर ना शीड होतें, ना डोलकाठी. सामानसुमान आधींच उतरविलें होतें. ही राजे पंचम जॉर्ज यांची 'ब्रिटानिया'. १८९३ सालीं क्लाइड नदीच्या कांठीं बांधलेल्या या नौकेनें ६३५ शर्यतींत भाग घेऊन २३१ जिंकल्या होत्या. आपल्यामागें ती परक्या हातीं जाऊं नये अशी राजांची इच्छा होती. ते जानेवारींत निवर्तले. सहा महिने उलटण्यापूर्वींच त्यांची नौकाहि गेली.

राजाला हें परवडतें. इतर मालकांच्या वृद्ध नौका अखेर भंगाराच्या व्यापाऱ्याकडे जातात. तो गृहस्थ शिडाचें सौंदर्य किंवा भिंतीवरचीं पारितोषिकें पाहत नाहीं. तो खालीं वांकून नौकेचा पठाण तपासतो.

पठाण म्हणजे नौकेचा कणा; पुढच्या टोंकापासून मागच्या टोंकापर्यंत तळाशीं जाणारें लांब लांकूड. आमच्या दर्यावर्दी मराठींतला हा जुना शब्द आहे. नौका कलंडूं नये म्हणून तळाशीं जें वजन भरतात त्याला नीरम म्हणतात. शतकानुशतकें हें नीरम दगडांचें किंवा लोखंडाचें असे आणि तें नौकेच्या पोटांत ठेवीत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत शर्यतीच्या नौका बांधणाऱ्यांनीं तें पोटांतून काढलें आणि पठाणाच्याहि खालीं बोल्टांनीं जखडून टाकलें. वजन जितकें खालीं, तितका वाऱ्याचा जोर सोसण्याचा आधार अधिक. येथें शिशाची बरोबरी लोखंडाला करतां येत नाहीं. तेवढ्याच आकाराच्या ओतीव लोखंडाहून शिसें दीडपटीपेक्षां जड भरतें, आणि खाऱ्या पाण्यांत तें गंजत नाहीं. मात्र तें महाग. म्हणून बेताच्या ऐपतीच्या मालकांनीं लोखंडावर भागविलें.

नौका जुनी झाली कीं रंगाच्या थरांखालीं दोन्ही धातू सारखेच दिसतात, आणि कागदपत्रें बहुधा हरवलेलीं असतात. मग परीक्षा करावी लागते. तांबूस ओघळ उतरलेले दिसले तर लोखंडाचा संशय घ्यावा. लोहचुंबक चिकटला तर तो संशय बळावतो. न चिकटल्यास रंग थोडा खरवडून चाकूचें टोंक ओढावें. शिशावर चंदेरी, लखलखीत ओरखडा उठतो आणि कांहीं काळानें तो करडा पडतो. शिसें कठीण व्हावें म्हणून त्यांत थोडें अँटिमनी मिसळतात, तरीहि चाकूला तें दाद देतेंच. फसगत होते ती तिसऱ्याच प्रकारांत. कित्येक नौकांच्या तळाशीं लोखंडाचे तुकडे घातलेलें काँक्रीट असतें. चुंबक तेथेंहि चिकटतो, पण व्यापाऱ्याच्या लेखीं त्या ओझ्याची किंमत जवळजवळ शून्य. अशा वेळीं बारीक छिद्र पाडून भुसा पाहण्यावांचून गत्यंतर नसतें. शिशाची पूड मात्र विषारी असल्यानें ती नाकातोंडांत जाऊं देऊं नये.

या धातूनें थोरामोठ्या नौकांचेंहि नशीब ठरविलें आहे. १९३० ते १९३७ या काळांत मुख्यतः 'अमेरिका चषका'च्या शर्यतींसाठीं जे-वर्गाच्या दहा नौका बांधल्या गेल्या. त्यांतील सहा अमेरिकेच्या. 'एंटरप्राइझ'चें कवच ब्राँझचें होतें. १९३० सालीं चषक राखणारी ही नौका १९३५ मध्यें मोडीत निघाली. १९३७ ची विजयी 'रेंजर' तर अवघ्या चार वर्षांची होती, पण १९४१ सालीं युद्धाला धातू हवा होता. त्या सालापर्यंत सहाहि नौका नाहींशा झाल्या. ब्रिटनच्या चारांपैकीं तीन वांचल्या. 'एंडेव्हर' १९४७ सालीं भंगारांत विकली गेली होती. ऐन वेळीं दुसरा ग्राहक भेटला म्हणून ती टिकली. 'वेल्शीडा' कित्येक वर्षें हँबल नदीच्या चिखलांत घर म्हणून वापरली जात होती. ज्यांना कोणी मोडण्याइतकें मोल दिलें नाहीं त्याच पुढें दुरुस्त होऊन पुन्हां समुद्रावर गेल्या, हा दैवाचा विनोदच म्हणावयाचा.

लांकडी नौका कुजून किंवा जळून संपत असे. १९५० नंतर कांचतंतूच्या नौका आल्या, आणि त्या ना कुजतात ना विकल्या जातात. त्यांचें कवच विकत घ्यावयास कोणी पुढें येत नाहीं. उलट तें मोडण्याचेच पैसे मालकाला मोजावे लागतात. फ्रान्सनें २०१९ पासून अशा नौका मोडण्याची सोय मोफत केली असून, त्यासाठीं नव्या नौकांवर शुल्क घेतलें जातें. मोडण्याच्या जागीं नौका पोंचविण्याचा खर्च मात्र मालकाचा. जेथें अशी सोय नाहीं तेथें मालक आजहि चाकू घेऊन तळाशीं वांकतो. ओरखडा चंदेरी उठला तर त्या शिशाच्या विक्रींतून नौका मोडण्याचा निदान थोडा खर्च भागतो.