चिकटलेला फिल्टर

गेल्या रविवारी बाबांच्या जुन्या बोलेरोखाली आडवा झालो. ऑइल आणि फिल्टर बदलायचा, तासाभराचं काम, मग मिसळ. पण दोन तास झाले तरी फिल्टर जागचा हलेना. हाताला घाम, फिल्टरला तेल, नुसता सटकत होता. मग म्हटलं, हा डबा असा बनवला तरी कोणी?

तर मंडळी, सुरुवातीच्या मोटारींना ऑइल फिल्टरच नसायचा. काजळी आणि धातूचा कीस तेलातच फिरायचा, म्हणून तेल सारखं बदलावं लागायचं. १९२० च्या दशकात अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलंडने गाळणी काढली. नाव 'प्युरोलेटर', म्हणजे 'प्युअर ऑइल लेटर'. (नाव ठेवताना आपल्या प्रोजेक्ट मॅनेजरसारखंच डोकं चाललेलं दिसतं.) १९२४ च्या क्रायस्लर गाडीत ती कंपनीकडूनच बसवून येऊ लागली.

दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपचा फिल्टर म्हणजे झाकणाचा चांगला मोठा डबा. झाकण उघडायचं, आतली गाळणी उचलायची, नवी ठेवायची. डबा गाडीवरच राहायचा, त्यामुळे तो अडकण्याचा प्रश्नच नव्हता. त्यातून थोडंच तेल गाळलं जायचं, ही गोष्ट वेगळी. याच विलीज जीप महिंद्रांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला जोडायला घेतल्या. आमच्या नाशिकच्या कारखान्यातून निघणारी बोलेरो त्याच घराण्यातली.

घोळ झाला १९५० च्या दशकात. तेव्हा आट्यांवर फिरवून बसवायचा आणि अख्खा फेकून द्यायचा फिल्टर आला. काम पाच मिनिटांवर आलं, पण डबा आणि इंजिन यांच्यामध्ये आली रबराची रिंग. तिला तेलाचं बोट लावून फिल्टर हातानेच आवळायचा, पाना लावायचा नाही. रिंग कोरडी बसवली आणि वर जोर लावला की गरम होऊन होऊन ती धातूला चिकटते. आमचा फिल्टर मागच्या वेळी कोणीतरी असाच 'फिट्ट' केला होता.

शेजारचे काका आले. म्हणाले, "स्क्रू ड्रायव्हर आरपार घालू नकोस, पत्रा फाटेल आणि बूड वरच राहील. इंजिन जरा गरम कर." केलं. मग पॉलिश पेपर गुंडाळून, वर चेन पाना लावला, अगदी बुडाजवळ. कर्रकन आवाज आला आणि निघाला एकदाचा!

मी लगेच नवा बसवायला गेलो. काकांनी हात धरला. "रिंग कुठाय?"

जुन्या फिल्टरवर रिंग नव्हती. ती वर इंजिनलाच चिकटून राहिली होती, काळ्यावर काळी, दिसतच नव्हती. तिच्यावर नवा फिल्टर चढवला असता तर दोन रिंगा एकावर एक. तेलाचा दाब आला की वरची सरकते, तेल भळाभळा बाहेर. हे कसारा घाटात झालं असतं तर इंजिन जाम, आणि गाडीत आईबाबा.

रिंग नखाने खरवडून काढली. जागा पुसली, नव्या रिंगेला तेल लावलं, फिल्टर टेकल्यावर हाताने पाऊण फेरा. तेल भरलं. बाबांनी गाडी चालू केली, मी खाली वाकून बघत होतो. पाच मिनिटं. एक थेंब नाही.