ठिपक्याची आठवण

दोन दिवसांआड नळाला पाणी येणे खानदेशात नवलाचे नाही. एरंडोलच्या घरातले पिंप एकदा भरले, की नळ गेल्यावरही घर चालते. द्रवस्फटिकाच्या सपाट पडद्यातला प्रत्येक ठिपका असाच साठ्यावर जगतो. हे पिंप त्याला मिळवून द्यायला मात्र वीस वर्षे लागली.

अमेरिकेतील आरसीए कंपनीने 1968 मध्ये द्रवस्फटिकाचे दर्शक जगापुढे आणले. घड्याळाचे अंक दाखवणे सोपे होते. अंकाच्या प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र तार देता येते. पण 120 ओळी आणि 120 स्तंभांच्या चित्रात 14,400 ठिपके! इतक्या तारा आणायच्या कुठून? म्हणून एका वेळी एकाच ओळीला विद्युतदाब द्यायचा. मग प्रत्येक ओळीच्या वाट्याला वेळेचा 120वा भाग येतो, उरलेल्या वेळात ठिपका विसरतो. ओळी वाढवाव्यात तसे चित्र फिके पडते.

आरसीएच्याच बर्नार्ड लेखनर आणि सहकाऱ्यांनी 1971 मध्ये उपाय मांडला: प्रत्येक ठिपक्यामागे एक ट्रान्झिस्टर आणि एक धारित्र. ट्रान्झिस्टर म्हणजे नळ, धारित्र म्हणजे पिंप. काचेवर पातळ थर चढवून ट्रान्झिस्टर करण्याची युक्ती पॉल वायमर यांनी 1962 मध्येच दाखवली होती. पिट्सबर्गच्या वेस्टिंगहाउसमध्ये पीटर ब्रॉडी यांच्या गटाने कॅडमियम सेलेनाइडचे असे ट्रान्झिस्टर वापरून 1973 मध्ये सहा इंची चौरस पटल प्रत्यक्ष चालवले. वर सांगितलेले 14,400 ठिपके याच पटलाचे. पुढे कंपनीने हात आखडता घेतला आणि 1979 मध्ये ब्रॉडी बाहेर पडले.

त्याच वर्षी स्कॉटलंडमधील डंडी विद्यापीठात लकोंबर, स्पिअर आणि गैथ यांनी अस्फटिकी सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर सुचवला. वरकरणी हा पदार्थ अगदीच सुमार. त्यात इलेक्ट्रॉन स्फटिकी सिलिकॉनपेक्षा सुमारे हजारपट मंद धावतात. पण बंद केल्यावर तो जवळजवळ गळतच नाही, आणि पडद्याला हवे होते नेमके तेच. सेकंदाला 60 चित्रे धरली, तर पुढची पाळी येईपर्यंत सुमारे 17 मिलिसेकंद विद्युतभार टिकला पाहिजे. धो-धो वाहणाऱ्या पण ठिबकणाऱ्या नळापेक्षा बारीक धारेचा, घट्ट बंद होणारा नळ बरा. जपानच्या शार्पने 1988 मध्ये याच सिलिकॉनवर 14 इंची रंगीत पटल करून दाखवले.

एक अडचण विद्यार्थ्यांना जरूर विचारावी. गणकयंत्रावरच्या सौरपट्टीतही हेच सिलिकॉन असते, कारण उजेड पडताच ते वीज वाहू लागते. पडद्यामागे तर सतत दिवा. मग नळ गळणार नाही का? गळतो, म्हणूनच प्रत्येक ट्रान्झिस्टर अपारदर्शक थराआड लपवावा लागतो.