अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट

इतिहास म्हटला कीं राजे, लढाया आणि तह हींच आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. ज्या वाहनांत बसून आपण रोज कचेरीला जातों, त्यालाही इतिहास असतो हें सहसा मनांत येत नाहीं. श्रोतेहो, आज मी आपणांस अशाच एका साध्या गोष्टीचा, मुंबईच्या पहिल्या बसमार्गाचा, वृत्तांत सांगणार आहें. १५ जुलै १९२६ या दिवशीं अफगाण चर्चपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत मुंबईची पहिली बस धांवली. अंतर फार मोठें नव्हतें. परंतु शहरांतील वाहन कोणासाठीं असावें, हा प्रश्न त्या लहानशा वाटेवरच उभा राहिला, आणि तो अद्यापि पुरता सुटलेला नाहीं.

प्रथम ही वाट कशी होती तें पाहूं. अफगाण चर्च हें कुलाब्याच्या दक्षिणेकडील लष्करी वस्तीजवळचें देऊळ. १८३८ ते १८४२ च्या अफगाण युद्धांत पडलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ तें उभारलें गेलें, आणि १८५८ सालीं उपासनेसाठीं खुलें झालें. कुलाबा हें मूळचें निराळें बेट. १८३८ सालीं कॉजवे बांधून झाला तेव्हां तें मुंबईला कायमचें जोडलें गेलें. दुसऱ्या टोंकाचें क्रॉफर्ड मार्केट १८६९ मध्यें पुरें झालें. शहराचे पहिले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांचें नांव त्यास मिळालें. आज तें महात्मा जोतिबा फुले मंडई या नांवानें ओळखलें जातें. या दोन टोंकांमधील मुलूख म्हणजे पेढ्या, बँका, न्यायालयें आणि कचेऱ्या यांचा फोर्ट भाग. एका अंगाला लष्कर, दुसऱ्या अंगाला बाजार आणि मध्यें पैशाचा व्यवहार, असा हा एकूण थाट होता.

या बाजूला पूर्वीं वाहनच नव्हतें असें मात्र नाहीं. ९ मे १८७४ रोजीं मुंबईंत घोड्यांची ट्राम सुरू झाली, तेव्हां तिचा एक मार्ग कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीला जाई, आणि दुसरा बोरीबंदरहून काळबादेवीमार्गें तेथेंच पोहोंचे. कुलाबा ते पायधुणी हें भाडें आरंभीं तीन आणे होतें. उतारू वाढले तसें तें दोन आण्यांवर आलें. एके काळीं कंपनीच्या तबेल्यांत नऊशें घोडे होते. पुढें ७ मे १९०७ रोजीं विजेची ट्राम धांवूं लागली आणि १९२० सालीं तिच्यावर दुसरा मजलाही चढला. म्हणजे १९२६ सालीं बस आली ती ज्या भागांत ट्रामची अर्धशतकाची वहिवाट होती, त्याच भागांत.

मग बसनें नवें असें काय दिलें? उत्तर तिच्या चाकांखालीं आहे. ट्रामला रूळ लागतात, वर तार लागते. रस्ता खणावा लागतो. बसला या कशाचीही गरज नाहीं. रस्ता असला, थांबे ठरले आणि गाडीच्या कपाळावर पाटी लागली कीं मार्ग तयार होतो. पहिल्या सालीं अवघ्या २४ गाड्या होत्या. वर्षअखेरपर्यंत त्यांतून सुमारें ६ लाख उतारूंनीं प्रवास केला. दुसऱ्या वर्षीं हीच संख्या ३८ लाखांवर गेली.

तथापि हे उतारू कोण होते, हें विचारल्यावांचून या आंकड्यांचा अर्थ लागत नाहीं. कित्येक वर्षें बस हें बऱ्या स्थितींतील पांढरपेशांचें वाहन समजलें जाई. ससून डॉकपासून दादरपर्यंत ट्रामनें दीड आण्यांत जातां येई. तोच प्रवास बसनें करावयाचा तर चार आणे पडत. गिरणी कामगार, हमाल, घरकाम करणाऱ्या बायका यांना अडीच आण्यांचा हा फरक लहान नव्हता. गरिबांची ट्राम आणि सुखवस्तूंची बस, अशी एक अलिखित वर्णव्यवस्थाच रस्त्यावर नांदत होती.

ती मोडली कशी? शहर उत्तरेकडे सरकलें म्हणून. दादर-माटुंग्याकडे नव्या वस्त्या झाल्या, आणि तेथील रहिवाशांच्या मागणीवरून १९३४ सालीं बस उत्तर भागांत गेली. १९३७ मध्यें दुमजली बस आली. १९४० मध्यें कुलाबा ते माहीम अशी, मोजक्याच थांब्यांवर थांबणारी, पहिली ‘लिमिटेड’ बस निघाली. फोर्टांत जी केवळ सोय होती, ती लांब राहणाऱ्या नोकरदाराला गरज झाली. ७ ऑगस्ट १९४७ रोजीं, स्वातंत्र्याला आठ दिवस उरले असतां, हा सर्व कारभार खासगी कंपनीकडून म्युनिसिपालिटीकडे आला. त्या वेळीं २३ मार्गांवर २४२ गाड्या चालत होत्या. महापालिकेची हद्द १९५० व १९५७ सालीं उपनगरांत वाढली, तसें बसचें जाळेंही वाढलें. ट्राम मात्र ३१ मार्च १९६४ रोजीं कायमची थांबली, आणि गरिबाचें वाहन होण्याचा मान व भार दोन्हीं बसकडे आले.

आतां मार्ग चालतो कसा, हेंही थोडक्यांत पाहूं. समजा, एका गाडीला जाऊन-येऊन, दोन्हीं टोंकांची विश्रांति धरून, शंभर मिनिटें लागतात. दर दहा मिनिटांनीं गाडी हवी असेल तर अशा दहा गाड्या पाहिजेत. आतां रस्त्यावर खासगी मोटारींची दाटी होऊन त्याच फेरीला दीडशें मिनिटें लागूं लागलीं, तर दहा गाड्या राबत असूनही थांब्यावरच्या माणसाला दर पंधरा मिनिटांनीं गाडी मिळेल. गाड्या कमी झाल्या नाहींत, माणसें कमी झालीं नाहींत, तरी सेवा एकतृतीयांशानें घटली. बराच वेळ गाडी नाहीं आणि मग एकापाठोपाठ तीन, या नित्याच्या अनुभवाचें कारणही असेंच आहे. एक गाडी थोडी मागें पडली कीं पुढच्या थांब्यावर तिच्यासाठीं जास्त माणसें जमतात. तीं चढण्यांत ती आणखी मागें पडते. तिच्या मागच्या गाडीला मात्र थांबे मोकळे मिळतात, आणि ती पहिलीला येऊन गांठते. कंडक्टरनें दोन टोले दिले कीं गाडी निघते, एक दिला कीं थांबते. पण वेळ पाळणें हें एकट्या ड्रायव्हर-कंडक्टरच्या हातीं नसून सबंध रस्त्याच्या हातीं असतें.

येथेंच मूळ प्रश्न परत येतो. वाटेंत रूळ नाहींत म्हणून बसचा मार्ग आंखणें सोपें. पण त्याच कारणामुळें तो पुसून टाकणेंही तितकेंच सोपें. पुष्कळ वर्षें विजेच्या शिलकींतून वाहतुकीची तूट भरून निघे. तो आधार सुटल्यावर भाडें आणि फेऱ्या यांचा हिशेब कठीण झाला. जुलै २०१९ मध्यें किमान भाडें आठ रुपयांवरून पांच रुपयांवर आणलें, तेव्हां उतारू वाढले. मे २०२५ मध्यें साध्या गाडीचें तेंच भाडें दहा रुपये झालें.

१५ सप्टेंबर २०२३ रोजीं जुन्या धाटणीची शेवटची डिझेल दुमजली बस धांवली, तेव्हां तिला निरोप द्यावयास माणसें जमलीं. तें योग्यच झालें. परंतु एखादा मार्ग बंद होतो, किंवा दहा मिनिटांची गाडी हळूच वीस मिनिटांची होते, तेव्हां हार घेऊन सहसा कोणी येत नाहीं. त्या मार्गाच्या शेवटच्या थांब्यावर राहणारा माणूस तेवढा मुकाट्यानें चालूं लागतो, किंवा न परवडणारें वाहन करतो. ट्राम गेली तरी तिचे रूळ कांहीं काळ तिची साक्ष देत राहिले. बसमार्गाची साक्ष गाडी येण्यांतच आहे. अफगाण चर्चपासून निघालेलें वाहन थोड्यांचें होतें. तें सर्वांचें व्हावयाला वीस वर्षांहून अधिक काळ आणि एका शहराची इच्छा लागली. तें सर्वांचें राहावें असें वाटत असेल, तर बसचा जमाखर्च मांडतांना तिकिटाच्या उत्पन्नाबरोबर थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाचा वेळही धरला पाहिजे.