जुने घर, नवा पत्ता

वैनगंगेकाठच्या बालाघाट शहराचे जुने नाव बुढा. १८६७ साली भंडारा, मंडला व सिवनी या जिल्ह्यांचे भाग जोडून बालाघाट जिल्हा निर्माण झाला आणि पुढे जिल्ह्याचेच नाव गावास मिळाले. गाव तेच, पत्ता मात्र नवा! जुने न विसरता नवे लक्षात ठेवण्याची ही किमया आपण सहज साधतो. ती मेंदूत कोठे घडते, हे कळण्यासाठी मात्र एका माणसाला फार मोठी किंमत द्यावी लागली.

मेंदूत दोन्ही बाजूंस, कानांच्या आतल्या अंगाला, एक वळणदार भाग आहे. १५८७ साली इटलीतील शरीरशास्त्रज्ञ अरांझी यांना तो घोडामाशासारखा दिसला. म्हणून त्यास ‘हिप्पोकॅम्पस’ हे नाव पडले. पुढे कित्येक वर्षे विद्वान त्याचा संबंध वासाशी जोडीत राहिले. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन या २७ वर्षांच्या तरुणाची अपस्मारातून सुटका व्हावी म्हणून डॉ. स्कोव्हिल यांनी हा भाग दोन्हीकडून बराचसा काढून टाकला. झटके कमी झाले. परंतु नवी आठवण टिकेनाशी झाली. पुढे त्याचे कुटुंब त्याच रस्त्यावरील दुसऱ्या घरात राहावयास गेले. दहा महिने लोटले, तरी त्याला जुनाच पत्ता अचूक आठवे. नवा आठवेना, आणि एकट्याला घरची वाट सापडण्याचा भरवसा नसे. ब्रेंडा मिल्नर यांनी १९५७ साली स्कोव्हिल यांच्यासह हे प्रसिद्ध केले.

स्मृती आणि वाट यांची ही सांगड १९७१ साली अधिक उलगडली. लंडनमध्ये जॉन ओकीफ यांना उंदराच्या याच भागात अशा पेशी आढळल्या, की ज्या तो ठराविक जागी आला म्हणजेच जाग्या होत. २००५ साली नॉर्वेत मोझर दांपत्याने शेजारच्या भागात अंतराची जणू चौकट आखणाऱ्या पेशी शोधल्या. २०१४ साली तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

अल्झायमरच्या विकारात प्रथम झिजणाऱ्या भागांत हाच प्रदेश येतो. गोंदियाहून बालाघाटमार्गे जबलपूरला जाणारी छोटी गाडी आता राहिली नाही. तो मार्ग रुंद झाला. तरीही घरातले कोणी आजोबा त्याच गाडीची वेळ विचारू लागले, किंवा नेहमीच्या वळणावर घाबरून थबकले, तर त्यांना हट्टी म्हणून रागावू नये. वैद्याचा सल्ला घ्यावा, आणि हात धरून त्यांना घरी आणावे. त्यांच्या मनातला नकाशा पुसट होत असेल. घर ओळखीचे वाटावे, एवढे तरी आपल्या हाती आहे.